सहा विटा, एक्याण्णव कोटी आकार

लेगोच्या एकाच रंगाच्या, वर आठ उंचवटे असलेल्या दोन विटा घ्या. त्या एकमेकींत किती तऱ्हांनी बसतील? २४. तिसरी वीट आली की १,०६०. आणि सहा विटांच्या? ९१,५१,०३,७६५! तेही फिरवल्यावर सारखे दिसणारे आकार एकदाच मोजून. खुद्द कंपनी कित्येक वर्षं १०,२९,८१,५०० हा आकडा सांगत होती, कारण त्यात फक्त सहा मजली मनोरे धरले होते. एकाच मजल्यावर दोन विटा शेजारी-शेजारीही बसतात, हे हिशेबातच नव्हतं. कोपनहेगनचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी संगणक कामाला लावून खरी मोजदाद केली. लहान मूल मात्र पहिल्याच बैठकीत विटा शेजारी ठेवून मोकळं होतं.

बटण दाबलं की गाणाऱ्या अस्वलाकडे असली गुपितं नसतात. सगळं काम तेच करतं, मुलाच्या वाट्याला उरतं ते बटण.

हे मर्म लेगोच्या विटेआधी शंभराहून अधिक वर्षं जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलने ओळखलं होतं. किंडरगार्टनचा हा जनक तरुणपणी बर्लिनच्या खनिज संग्रहालयात स्फटिकांमध्ये रमायचा. त्याने मुलांसाठी केलेल्या एका खेळण्यात आहेत फक्त आठ सारखे लाकडी घन. पेटी पालथी घालून उचलली की समोर एकच मोठा घन, आणि मग तो मोडायची मुभा!

मला सर्वांत थोर वाटतात ते कॅरोलिन प्रॅट या अमेरिकी शिक्षिकेचे ठोकळे. जाडी, रुंदी, लांबी यांचं प्रमाण १:२:४, बस्स. एक ठोकळा उभा करा, शेजारी चार आडवे रचा. उंची तंतोतंत तीच! वर फळी टाकली की छप्पर सपाट बसतं. पूर्ण ठोकळे संपले, तर दोन अर्धे जोडून काम भागतं. चार वर्षांचं पोर इथे अपूर्णांक हाताळत असतं, त्याला कुणी ते सांगू नये.

म्हणून दुकानात रंगांपेक्षा मापं बघावीत. अर्धा ठोकळा खरंच अर्धा आहे ना, हे दोन जोडून ताडून पाहावं. आणि एकाच जातीचे भरपूर घ्यावेत. बारा आकारांचा एकेक नमुना असलेला डबा दिसतो देखणा, पण पूल बांधायला घेतला की दुसरा खांब सापडत नाही.