विश्लेषण : टोनर संपला, रिफिल की नवे कार्ट्रिज?

शाळेच्या प्रश्नपत्रिका छापायच्या असतात आणि नेमका तेव्हाच प्रिंटर फिकट छापू लागतो. अशा वेळी प्रथम कार्ट्रिज काढून आडवे धरावे आणि हलक्या हाताने हलवावे. आतली पावडर सारखी पसरते आणि आणखी काही पाने निघतात. तोवर पुढचा निर्णय घेता येतो.

पर्याय कोणते?
मूळ कंपनीचे नवे कार्ट्रिज महाग, पण खात्रीचे. अन्य उत्पादकांचे ‘कॉम्पॅटिबल’ स्वस्त, मात्र दर्जा कमी-जास्त. रिफिल सर्वांत स्वस्त.

रिफिल कधी परवडते?
एचपीच्या १२ए कार्ट्रिजमधून सुमारे २,००० पाने निघतात. तीही पानाचा साधारण पाच टक्के भाग छापला तर. या कार्ट्रिजमध्ये पावडरीसोबत ड्रम आणि ब्लेडही असतात. पावडर भरता येते, पण ड्रम झिजतच जातो. पानावर उभी काळी रेघ किंवा ठरावीक अंतराने डाग दिसू लागले, तर नुसत्या रिफिलने भागत नाही. ड्रम, ब्लेड तपासून बदलावे लागतात. ब्रदरच्या अनेक प्रिंटरमध्ये ड्रम वेगळाच असतो.

काय विचारावे?
पावडर त्याच मॉडेलची आहे का, साचलेली टाकाऊ पावडर काढणार का आणि चिप बदलावी लागेल का, हे आधीच विचारावे.

रिकाम्याचे काय?
ई-कचरा नियमांत प्रिंटरसोबत कार्ट्रिजही येते. त्यामुळे ते घंटागाडीत न टाकता अधिकृत संकलकाकडे द्यावे.