डॉक्टरांसमोरचा मोबाइल

असे चित्र डोळ्यांसमोर आणा. शाळेच्या व्हरांड्यात लसीकरण चालू आहे. कोणी तरी मोबाइल पुढे धरून डॉक्टरांना दरडावतो, “लसीत डुकराचा अंश आहे? हो की नाही, एवढंच सांगा!” डॉक्टर चिडतात. तेवढीच अर्ध्या मिनिटाची चित्रफीत फिरत फिरत वडनेरच्या घरांतही पोहोचते आणि आई मुलाला शाळेत पाठवत नाही.

२७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा काही उर्दू शाळांतील पालकांनी लसीला नकार दिला. लसीने मूल होत नाही, ही अफवा होती. पण हलाल-हरामचा प्रश्न अफवा नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने पुण्यात बनलेल्या याच लसीचा विचार केला. निर्मितीत डुकराचा घटक वापरला जातो म्हणून ती हराम. पण हलाल पर्याय नाही आणि आजाराचा धोका मोठा, म्हणून गरजेपोटी ती घेण्यास परवानगी, असा फतवा त्यांनी दिला.

डॉक्टरांना आमचे सांगणे हेच, की खरा प्रश्न झटकू नका. “तुमची शंका रास्त आहे. दीनचा मसला आलिमांना विचारा, आजाराचे मी सांगतो,” एवढे शांतपणे म्हणा. रुबेला गरोदर बाईला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय अधू होऊ शकते, हे साध्या शब्दांत सांगा. माहीत नसेल ते ‘माहीत नाही’ म्हणा. समोरच्याचे नाव विचारा, रांग संपल्यावर बसून बोलायला बोलवा आणि पूर्ण संभाषण आपल्याकडेही रेकॉर्ड करा. मात्र कितीही डिवचले तरी रुग्णाची माहिती कॅमेऱ्यासमोर उघड करू नका. ती अमानत आहे.

मोहिमेआधीच इमामसाहेबांना भेटलात तर निम्मे काम होते. पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात मस्जिदींतून आवाहने झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यात या आवाहनांचाही वाटा आहे.

आणि आपण? सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची खातरजमा करण्याची आज्ञा आहे, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान होते आणि मग पस्तावावे लागते. अर्धवट चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या आपल्या बोटालाही ती लागू आहे. शंका आली तर गावातल्या आरोग्यसेविकेला घरी बोलवा, चहा द्या आणि मोकळेपणाने विचारा.