नित्यपाठ आणि अर्थबोध

चातुर्मास हा श्रवण-पठणाचा पुण्यकाल. आषाढी एकादशी सरली की टिटवाळ्याच्या महागणपतीच्या शेजारी वसलेल्या आंबिवली-मोहने परिसरातही भाविकांच्या घरी पोथी लागते. कारखानदारीच्या निमित्ताने येथे नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसे एकमेकांच्या शेजाराने राहू लागली. आपल्या घरी सायंकाळी पोथी सोडली जात असता शेजारचे ख्रिस्ती कुटुंब बायबल उघडून बसले असेल, तर त्या वाचनामागील श्रद्धाही आपण जाणून घ्यावयास हवी.

ख्रिस्ती जीवनात शास्त्रवाचन हे केवळ सणावारी करावयाचे कर्म नव्हे. अनेक घरांत सकाळी किंवा रात्री कौटुंबिक उपासना होते. स्तोत्रसंहितेतील एखादे स्तोत्र अथवा शुभवर्तमानातील काही वचने वाचून त्यांवर चिंतन केले जाते. कॅथलिक चर्चने १९६९ साली रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे आवर्तन ठरवून दिले. आपल्याकडील पारायणाप्रमाणेच त्यातही क्रम आहे, नियम आहे.

या नियमाचे मराठीशी असलेले नाते जुने आहे. गोमंतकात फादर स्टीफन यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. पुराणश्रवणाची गोडी असलेल्या नवख्रिस्तींना आपल्या भाषेत, आपल्या छंदात धर्मकथा हवी होती. ती भूक त्यांनी ओळखली.

परंतु शास्त्राभ्यासासाठी अवघे आयुष्य वेचल्याचे उदाहरण पाहावयाचे, तर पंडिता रमाबाईंकडे वळावे लागते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने कन्येला. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडणाऱ्या या कुटुंबात नित्यपठण हाच संसार होता. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले. पुढे १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुणीस 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या निर्णयाने महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि त्याविषयीचे मतभेद अजूनही मिटलेले नाहीत. मात्र पितृगृही अंगी बाणलेला अभ्यासाचा नेम त्यांनी कधी सोडला नाही.

केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने व वैधव्याने पोळलेल्या शेकडो स्त्रिया आश्रयास आल्या. त्यांनाही स्वतः शास्त्र वाचता यावे, अशी रमाबाईंची तळमळ होती. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती. नुकतीच अक्षरओळख झालेल्या स्त्रीला ती कशी उमगावी? स्वतः संस्कृत पंडिता असूनही रमाबाईंनी ही अडचण आपली मानली. उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथ समोर ठेवून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. छापखाना सदनातलाच, खिळे जुळविणाऱ्या हातही तेथील स्त्रियांचेच. बहिरेपणाने गाठले, १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरीही काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर सिद्ध झालेले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

धर्मांतराचा वाद घटकाभर बाजूला ठेवला, तर या चरित्रातून प्रत्येक भाविकाने घ्यावा असा एक बोध उरतो. पठणाने वाणी शुद्ध होते हे खरे, परंतु ग्रंथ आचरणात उतरावयाचा तर त्याचा अर्थ कळला पाहिजे. आणि तो घरातील अखेरच्या माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. ज्ञानदेवांनी गीतार्थ मराठीत आणला तोही याच कळवळ्याने. म्हणून वाचकहो, या चातुर्मासात पोथी वाचताना एखादा अध्याय कमी झाला तरी चालेल. मात्र वाचलेल्या ओवीचा अर्थ घरातील मुलाबाळांना, आणि ज्यांना वाचता येत नाही अशा वडीलधाऱ्यांना समजावून सांगावा, मगच पोथी बांधून ठेवावी.