एका थेंबात 3 मीटर

जालन्यात कुणी नवी मोटारसायकल घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न ठरलेला: अ‍ॅव्हरेज किती देते? मालक छाती फुगवून सांगतो, साठ. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. इतका मोठा आकडा असा पेढ्याबरोबर गिळून टाकायचा? चला, जरा फोडून बघू या.

साठ म्हणजे गांधी चमनहून किक मारायची, नागेवाडी, बदनापूर, करमाड, शेंद्रा मागे टाकायचं आणि थेट छत्रपती संभाजीनगरात उतरायचं. दोन माणसं, मांडीवर पिशवी, खाली शंभरेक किलोचं लोखंड. आणि प्यायली किती? पाण्याच्या एका बाटलीएवढं! मुंबई ते पुणे धरलं तर अडीच बाटल्या.

आता ही बाटली थेंबाथेंबानं रिकामी करा. 1 मिलिलिटरचे साधारण 20 थेंब, म्हणजे लिटरचे 20,000. अंतर 60,000 मीटर. भागा. एका थेंबाला 3 मीटर! थेंबभर पेट्रोलवर चाक दीड फेरा फिरतं. लिटरचे 105 रुपये धरले तर थेंब पडतो अर्ध्या पैशाला. 25 पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 2011 सालीच चलनातून बाद झाली, आणि इथं अर्ध्या पैशात दोघं जण 3 मीटर पुढे!

अजून आत शिरू. ताशी 60 च्या वेगाला छोटं इंजिन मिनिटाला 5,000 फेरे घेतं असं समजा. फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक स्फोट. मिनिटाला 2,500 स्फोट, तासाला दीड लाख. म्हणजे संभाजीनगर येईपर्यंत तुमच्या गुडघ्यांच्या मध्ये दीड लाख फटाके वाजले, आणि त्या एका थेंबातून सात-आठ वेळा बार काढला! ते लिटरभर पेट्रोल जालन्यापासून संभाजीनगरपर्यंत सलग धाग्यासारखं ओढलं, तर धागा किती जाड भरेल? 0.15 मिलिमीटरहूनही किंचित बारीक. गाडी जाता जाता रस्त्यावरचा हा धागा गिळत चालली आहे असं समजा. अ‍ॅव्हरेज वाढलं की धागा आणखी बारीक.

इतक्या बारीक धाग्याचं माप घ्यायचं तर हात सैल सोडून चालत नाही. आपल्याकडची लाडकी रीत म्हणजे रिझर्व्हला आलेल्या गाडीत लिटरभर टाकायचं आणि पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंत पळवायची. यात 100 मिलिलिटर इकडेतिकडे झालं की 6 किलोमीटरचा फरक! साठची गाडी 54 ची ठरते आणि बिचाऱ्या मेकॅनिकला बोलणी बसतात. त्यापेक्षा टाकी फुल करा, गाडी डबल स्टँडवर उभी करून. साइड स्टँडवर टाकी कलते आणि फुलचा अर्थच बदलतो. किलोमीटरचा आकडा लिहून घ्या, 8 लिटर संपेपर्यंत फिरा, मग त्याच पंपावर तशीच उभी करून पुन्हा फुल. दोन आकड्यांतली वजाबाकी भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. तीच 100 मिलिलिटरची चूक आता पाऊण किलोमीटरवर येते. पंपावर खात्री करायला 5 लिटरचं सरकारी माप असतं. त्यात 25 मिलिलिटरची घटवाढ कायद्याला चालते. तुमच्या गाडीच्या भाषेत ती दीड किलोमीटर.

आता चारचाकी. समृद्धी महामार्ग नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत 701 किलोमीटर, वाटेत जालना. 18 च्या अ‍ॅव्हरेजनं पेट्रोल लागेल 39 लिटर. पण गाडी नुसतं पेट्रोल पीत नाही, वाराही पिते. 1 लिटर पेट्रोल जाळायला सुमारे 9,000 लिटर हवा लागते. रसायनवाल्यांचा हिशेब, आपण मान्य करू. 39 लिटरला झाली साडेतीन लाख लिटर. 20 फूट रुंद, 40 फूट खोल अशी गोल विहीर काठोकाठ भरली की जवळपास एवढंच मावतं. नागपूर सोडलं तेव्हापासून बॉनेटखालच्या त्या डब्यानं अख्खी विहीरभर हवा ओढली! आणि 80 ऐवजी 120 नं हाणली तर समोरचा वारा सव्वादोन पट जोरानं अडवतो. अ‍ॅव्हरेज तिथंच गळतं.

आता श्वास रोखा, कारण पुढे एसटी उभी आहे. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली. आज महामंडळाला रोज 10 लाख लिटरच्या वर डिझेल लागतं. हिशेबाला 10 लाख 78 हजार घेऊ. आपल्या त्याच विहिरी, तीन, काठोकाठ, रोज! 12,000 लिटरचे टँकर लावले तर 90. रेल्वेनं आणायचं तर 70,000 लिटरच्या वाघिणी पंधरा-सोळा, आणि 50 वाघिणींची एक मालगाडी धरली तर वर्षाला 112 मालगाड्या. या डिझेलला लिटरमागे निदान 10,000 लिटर हवा. रोज 30,000 विहिरी वारा! जालन्याला पाणी पाजणारा जायकवाडीचा नाथसागर 102 टीएमसीचा. तो पाण्याऐवजी हवेनं भरलेला असता, तर लाल गाड्यांनी नऊ महिन्यांत तळ गाठला असता.

एसटीत अ‍ॅव्हरेज लिटरवर मोजत नाहीत, 10 लिटरवर मोजतात. डेपोतला शब्द केपीटीएल. समजा तो 45 आहे आणि 46 झाला. लिटरमागे वाढले फक्त 100 मीटर, रेल्वेच्या चार-सव्वाचार डब्यांची लांबी. पण रोजच्या 48 लाख किलोमीटरला गुणा! दिवसाला 23,000 लिटरच्या वर डिझेल वाचलं, जवळपास दोन टँकर. वर्षाला 24 विहिरी. लिटरला 90 रुपये लावले तर दिवसाला 21 लाख आणि वर्षाला 76 कोटी रुपये, चार डब्यांच्या लांबीत!