'दुनियादारी'त कॉलेज कुठे आहे?

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' ही कादंबरी १९८२ची. २०१३च्या चित्रपटाने ती नव्या पिढीपर्यंत पोचली. संवाद चुरचुरीत, वेग जबरदस्त. तरी निराशा होते, कारण पुण्यातल्या कॉलेजची ही गोष्ट कट्टा, मारामाऱ्या आणि प्रेमभंगातच रमते; अभ्यासाचा, पैशांच्या चणचणीचा दाब फारसा जाणवत नाही. कट्ट्यावरच्या दिग्याचा दरारा ठसतो, शिरीन मात्र प्रेयसीपलीकडे फारशी वाढत नाही.

लोकप्रिय कादंबरीकडून एवढी अपेक्षा कशाला, असं कुणी म्हणेल. पण भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' (१९६३) हीसुद्धा पुण्यात शिकायला आलेल्या मुलाचीच, आणि आजही आवडीने वाचली जाणारी. तिथे मेसचा हिशेब, वडिलांचे पैसे, परीक्षेतलं अपयश यांतूनच पांडुरंग सांगवीकर घडतो नि विनोदही तिथूनच येतो. म्हणजे वास्तव आलं की रंजकता जाते, हा बचाव टिकत नाही.