फ्लिक्सबरोची तात्पुरती नळी

इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प शहराजवळ फ्लिक्सबरो हे खेडे आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यात नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम बनत असे. १ जून १९७४ रोजी, शनिवारी दुपारी पाचच्या सुमारास तिथे स्फोट झाला आणि २८ जण ठार झाले. नियंत्रण कक्षातले अठराही जण गेले. कामाचा दिवस असता, तर मृतांचा आकडा कितीतरी वाढला असता.

सहा रिअॅक्टर एकाखाली एक अशा पायऱ्यांवर उभे होते. त्यांत सुमारे १५५ अंश सेल्सियसचे सायक्लोहेक्झेन होते. हे द्रव एरवी ८१ अंशांनाच उकळते. मोठ्या दाबामुळेच ते द्रव राहिले होते. अशी टाकी फुटली की द्रव नुसते सांडत नाही. त्याची क्षणात वाफ होते, हवेत मिसळते आणि ठिणगीची वाट पाहते.

त्याच वर्षी मार्चमध्ये पाचव्या रिअॅक्टरला तडा गेला. तो काढून चौथा आणि सहावा वीस इंची वाकड्या नळीने जोडले गेले. दोन्ही टोकांना लवचीक बेलोज (घड्यांचे जोड) होते, खाली परांचीचा आधार. नळीचा आराखडा वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढला होता! वाकड्या नळीवर दाब कसा वळवणारा जोर देतो, याचे गणित कोणी केलेच नाही. ते करू शकणाऱ्या मुख्य अभियंत्याची जागा रिकामी होती. अखेर हीच नळी तुटली आणि स्फोट झाला.

तात्पुरती दुरुस्तीसुद्धा मूळ यंत्राइतकीच काटेकोर तपासली पाहिजे, हा रसायन उद्योगातला दंडक या अपघातानंतर पक्का झाला.