चढाई विकत घेण्याची साठ वर्षं

बेगडेवाडीहून सकाळची लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं आणि लोहगड चढायचा, हा मावळातल्या डोंगरवेड्यांचा ठरलेला रविवार. त्यांना हेली-स्कीइंगबद्दल, म्हणजे हेलिकॉप्टरने डोंगरावर जाऊन स्कीवरून खाली येण्याबद्दल, सांगितलं की हमखास प्रश्न येतो: चढायचंच नाही, तर डोंगरात जायचं कशाला?

ज्याने हा धंदा उभा केला, तो मात्र पायी चढणाऱ्यांतलाच होता. हान्स ग्मोझर ऑस्ट्रियातून 1951 साली कॅनडात आला आणि स्की घालून डोंगर चढणाऱ्यांचा गाइड झाला. हेलिकॉप्टरची कल्पना आर्ट पॅटरसन या भूशास्त्रज्ञाची. 1963 मधला पहिला प्रयत्न फसला. 1965 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या बुगाबू पर्वतात जम बसला. हेलिकॉप्टर होतं बेल 47, एका खेपेला दोघांनाच नेणारं, आणि मुक्काम लाकूडतोड्यांच्या जुन्या तळावर. दिवसभराच्या चढाईनंतर जेमतेम एक-दोनदा मिळणारी उतरण आता दिवसातून कितीतरी वेळा मिळू लागली. तीही कुणाच्या स्कीची रेघ न उमटलेल्या भुसभुशीत बर्फावरून.

खरी गोम याच बर्फात आहे. नवा थर खालच्या कच्च्या थरावर धरून राहिला नाही, की साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावरून अख्खी लादीच घसरते. स्की करायला मजा येते तीही याच उतारांवर! 1979 मध्ये बुगाबूत हिमस्खलनाने सात जणांचा जीव घेतला, 1991 मध्ये नऊ जणांचा. त्यानंतर कॅनडातले व्यावसायिक एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असूनही बर्फाची रोजची निरीक्षणं एकमेकांना कळवू लागले. माझ्या मते या खेळातली सर्वांत मोठी सुधारणा हीच, हेलिकॉप्टर नव्हे. आज प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्‌झवर संदेश पाठवणारा बीकन असतो आणि पाठीवर फावडं व शोधकाठी. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबत्यांनीच काढावं लागतं. बाहेरची मदत तोवर पोचत नाही.

फ्रान्सने मात्र 1985 च्या कायद्याने हौशी लोकांना हेलिकॉप्टरमधून डोंगरावर उतरवणं बंदच केलं. आपल्याकडे काश्मीरमध्ये हा खेळ रुजवला सिल्व्हाँ सोदाँ या स्विस स्कीपटूने. नंतर मनालीच्या परिसरातही तो सुरू झाला. हिमालयात अडचण हवेची. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे पात्यांना उचल कमी मिळते आणि माणसं कमी घ्यावी लागतात. साहजिकच खर्च वाढतो. गुलमर्गमध्ये 2005 साली गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत गेला आणि थोडक्या पैशांत तसाच बर्फ हाताशी आला. धोकाही तसाच आला. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले.

मावळातल्या कुणाला मोह झालाच, तर आधी गुलमर्ग किंवा मनालीच्या सरकारी संस्थेत रीतसर स्की शिकावं आणि बीकनचा सराव करावा. हेलिकॉप्टरचा विचार त्यानंतर. आणि सगळे पैसे भरून झाल्यावर ऐन सकाळी गाइड ‘आज नाही’ म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये.